पहिल्या भेटीवर निकाल देऊ नका

भिवंडीत एखाद्याबद्दल ‘याला ठाण्याला न्यायला हवं’ असं कुणी म्हटलं, तर त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. सव्वाशे वर्षांत त्या गावाचं नावच मनाच्या आजाराशी जोडलं गेलं. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही संस्था सुरू केली आणि स्वतःच्या विचारांशी झगडणारी, एरवी सगळं नीट चालू असलेली माणसंही समुपदेशकाकडे जातात, ही गोष्ट मराठी घरांच्या हळूहळू अंगवळणी पडू लागली. तरीही भिवंडीहून ठाणं गाठायचं, तर बस-रिक्षाच्या प्रवासापेक्षा लोक काय म्हणतील याचं ओझं मोठं असतं. एवढं ओझं उचलून दारापर्यंत गेलेला माणूस एकाच भेटीनंतर ‘काही उपयोग नाही’ म्हणून परत फिरतो, तेव्हा मला ते नुकसान सर्वांत जास्त सलतं. सावध करायचं आहे ते याबद्दल. पहिल्या भेटीवरून समुपदेशनाचा निकाल लावू नका.

परत फिरणाऱ्याची चूक नसते. आपल्याला मदतीचे दोनच साचे ठाऊक असतात. एक डॉक्टरचा: नाडी बघितली, सुई टोचली, तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुसरा घरातल्या वडीलधाऱ्यांचा किंवा समाजातल्या जाणत्यांचा: ऐकून घेतलं आणि ‘तू असं कर’ असा निवाडा दिला. समुपदेशक पहिल्या दिवशी यातलं काहीच करत नाही. तो विचारत बसतो. झोप किती, भूक कशी, हे कधीपासून, घरात कोण कोण, दारू-तंबाखू आहे का, मरणाचे विचार येतात का. अनेक ठिकाणी नऊ प्रश्नांचा एक कागद पुढे येतो. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही असं किती दिवस झालं, असा एक प्रश्न; उत्तरं चार, ‘अजिबात नाही’पासून ‘जवळजवळ रोज’पर्यंत, शून्य ते तीन गुण. बेरीज २७ पैकी. यंत्रमागाच्या खडखडाटात बारा तासांची पाळी करून आलेल्याला हा कागद परीक्षेसारखा वाटणारच. पण त्यातला झोपेचा प्रश्न बघा. रात्रपाळी करणाऱ्याला दिवसा झोप लागत नाही, ती पाळीमुळे की मनातल्या घोरामुळे? सुट्टीच्या दिवशी तरी लागते का? हे विचारल्याशिवाय उपचार कसला ठरवणार? ज्या भेटीत ‘काहीच झालं नाही’ असं वाटतं, तिच्यात हे काम झालेलं असतं. शिवाय वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं बोललं गेलं, की त्या रात्री मन हलकं होण्याऐवजी ढवळून निघतं, दोन-तीन दिवस रडू येतं. हेही अपेक्षित धरूनच जावं, आणि पुढच्या भेटीत ते सांगावं.

नुसतं बोलून काय होणार, हा आक्षेप सर्वांत जुना आणि प्रामाणिक आहे. त्याला उत्तर द्यायला परदेशात जायची गरज नाही, शेजारचा गोवा पुरे. तिथे ‘संगत’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर एक अभ्यास केला. तो २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. समुपदेशन करणारे मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. सहा ते आठ भेटी. बोलण्याचा रोखही साधा: बंद पडलेली कामं, भेटीगाठी, आवडीच्या गोष्टी थोड्या-थोड्याने पुन्हा सुरू करणं आणि अडचणींवर एकेक करून तोड काढणं. तीन महिन्यांनी, ज्यांना हे मिळालं त्यांच्यातले ६४ टक्के नैराश्याच्या ठरवलेल्या पातळीखाली आले होते. ज्यांना केंद्रातले नेहमीचे उपचारच मिळाले त्यांच्यातले ३९ टक्के. म्हणजे काहींना बोलण्याविनाही बरं वाटलं, आणि बोलूनही तिघांतल्या एकाहून अधिक जणांना पुरेसा फरक पडला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच मी या आकड्यांवर विश्वास ठेवतो. पण मधली तफावत लहान नाही आणि ती सहा-आठ भेटींतून आली, एका भेटीतून नव्हे. माझा सल्ला त्यावरच उभा आहे: निदान चार ते सहा भेटी द्यायच्या असं मनाशी ठरवून जा, आणि मग समुपदेशकासमोरच हिशेब मांडा. झोपेत फरक आहे का, भांडणं कमी झाली का, कामावर मन लागतं का.

यावर कुणी म्हणेल, असा धीर धरायला सांगणं म्हणजे भोंदूंच्या हाती गिऱ्हाईक देणं. आक्षेप रास्त आहे. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणारे सगळे सारखे शिकलेले नसतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे औषधं लिहून देणारा डॉक्टर. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशकाला मात्र काय शिकलात, कुठे शिकलात, हे सरळ विचारावं. विचारल्याचा राग येणाऱ्याकडे थांबू नये. बरं करण्याची हमी देणारा, महिनाभराचे पैसे आगाऊ मागणारा, तुमच्या जाती-धर्मावर शेरा मारणारा, तुमचं बोलणं तुमच्या परस्पर नवऱ्याला किंवा सासूला सांगणारा, अंगाला हात लावणारा, यांच्यासाठी चार भेटींचा नियम नाही. तिथून त्याच क्षणी उठावं. पण प्रश्न टोचले, उत्तर लगेच मिळालं नाही, घरी करायला काही लिहून दिलं, ही उठून जायची कारणं नव्हेत. सूर जुळत नसेल तर समुपदेशक बदलावा, समुपदेशन सोडू नये.

चार लोकांना कळेल, ही भीती दाट वस्तीत खोटी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद आहेत, आणि ते कोणते, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं. आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल बोललो तर पोलिसात जाईल, असं समजून अनेक जण नेमकं तेच लपवतात. त्याच कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं, शिक्षेसाठी तिच्यावर खटला चालवला जात नाही. तेव्हा ते सांगाच. मरणाचे विचार येत असतील, नसलेले आवाज ऐकू येत असतील, दिवसेंदिवस झोप नसेल, तर भेटी मोजत बसू नये. थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयात जावं.

भाषेचं मात्र आपल्याकडे कुणी फारसं मनावर घेत नाही. भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी घरं एकाच गल्लीत असतात. दुःख ज्या भाषेत होतं त्याच भाषेत ते सांगता यायला हवं. दुभाषा म्हणून मुलाला किंवा जावेला शेजारी बसवलं, तर खरी गोष्ट पोटातच राहते. वेळ ठरवतानाच आपली भाषा सांगावी. मराठी येणारा हवा, तेलुगू येणारा हवा, असं मागण्यात संकोच कसला?

पैशाची आणि रजेची अडचण खरी आहे. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. सरकारी रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात खर्च कमी, पण रांग मोठी. त्यामुळे वेळ विचारूनच निघावं. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. आणि जे प्रत्यक्ष जाणार आहेत त्यांनी एवढं करावं: पहिल्या भेटीतून उठण्याआधी दुसऱ्या भेटीचा वार आणि वेळ कागदावर लिहून घ्यावी.