हिमशिखरांवर धाडसाला हवी शिस्तीची जोड

बीड जिल्ह्यातील नेकनूर हे गाव बालाघाटच्या पठारावर वसले आहे. मांजरसुंब्याचा घाट, कपिलधारची दरी व धबधबा हा सारा परिसर येथील तरुणांच्या पायाखालचा. ऊन, चढउतार आणि शेतातील कष्ट यांमुळे त्यांची शरीरे काटक बनतात. मात्र हे पठार समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरही उंच नाही. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे, तर हिवाळी पदभ्रमणासाठी प्रसिद्ध असलेले उत्तराखंडातील केदारकंठ सुमारे ३,८०० मीटर उंचीचे आहे. हा फरक केवळ चढाईचा नाही. तो हवेचा व थंडीचाही आहे.

विरळ हवेची कसोटी

उंचीबरोबर हवेचा दाब घटतो आणि प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू कमी होतो. साडेपाच हजार मीटरवर तो जवळजवळ निम्मा असतो. शरीर या बदलाशी जुळवून घेते. पण त्यास अवधी लागतो. व्यायामाने कमावलेली ताकद हा अवधी वाचवू शकत नाही. म्हणून ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये व तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही लक्षणे दिसताच चढाई थांबवावी. चालताना तोल जाणे, बोलणे असंबद्ध होणे किंवा बसल्या जागी धाप लागणे म्हणजे मेंदूस वा फुप्फुसास सूज आल्याची खूण होय. अशा रुग्णास विलंब न लावता सोबतीने खाली उतरविणे हाच खरा उपाय.

थंडी आणि हिमस्खलन

दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. वाऱ्यामुळे थंडीचा मारा अधिकच बोचतो. सुती कपडा घामाने भिजला की अंगातील ऊब शोषून घेतो. म्हणून लोकरीचे कपडे एकावर एक घालावेत. बधिर झालेली बोटे बर्फाने चोळू नयेत.

तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर ताजे हिम साचले असता हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक असतो. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात ‘द्रौपदी का डांडा’ या शिखराजवळ हिमस्खलन होऊन अनेक प्रशिक्षणार्थी मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी एव्हरेस्ट सर केलेल्या प्रशिक्षिका सविता कंसवाल यांचाही त्यांत अंत झाला. अनुभवी माणसालाही पर्वत सवलत देत नाही, हाच या दुर्घटनेचा धडा.

प्रशिक्षण व पूर्वतयारी

१९६५ मध्ये उत्तरकाशी येथे स्थापन झालेल्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत तरुणांना दोर, हिमकुऱ्हाड व बचावकार्य यांचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळते. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर करून आयोजकांच्या नोंदणीवर भर दिला. सह्याद्रीत सराव, नंतर प्रशिक्षण आणि मगच हिमालय, हा क्रम सोडू नये. निघण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, हवामानाचा अंदाज पाहावा आणि आपला मार्ग व परतीचा दिवस घरी लिहून ठेवावा.

परत फिरण्याची वेळ सकाळीच ठरवावी आणि शिखर हाकेच्या अंतरावर असले तरी ती पाळावी. शिखर पुढील वर्षीही तेथेच असते. सुखरूप घरी परतल्यावरच गिर्यारोहकाची मोहीम पूर्ण होते.