हौसेचे कातकाम

घरातले लाटणे हातात घ्या आणि नीट बघा. कुठल्याही बाजूने बघा, ते गोलच दिसेल. मुलांचा भोवरा, रवीचा दांडा, हेही तसेच. रंध्याने लाकूड सपाट होते, पण असा गोलपणा येत नाही. त्यासाठी लाकूडच फिरवावे लागते. फिरत्या लाकडाला पटाशी लावून आकार द्यायचा, याला कातकाम म्हणतात. ते करणारा तो कातारी. रेखीव वस्तूला आपण ‘कातीव’ म्हणतो ना, तो शब्द इथलाच.

पूर्वी लाकडाला दोरीचे वेढे देत. एक जण दोरी पुढेमागे ओढी. लाकूड कारागिराकडे फिरले की तो पटाशी लावी. उलट फिरले की मागे घेई. आता विजेची मोटर लाकूड एकाच दिशेने फिरवते. दुसरा माणूस लागत नाही. म्हणून फावल्या वेळात, हौसेखातरही हे काम करता येते.

कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी अशीच कातून होतात. तिथे काळ्या कुड्याचे पांढरे लाकूड वापरतात. फिरत्या खेळण्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घासल्याने ऊब येते, लाख मऊ होते आणि लाकडावर बसते. वरून केवड्याचे पान दाबले की चकाकी येते. रंगासाठी ना कुंचला लागतो, ना डबा!

आता लाटणे कसे करायचे ते बघू. लाकूड वाळलेले घ्यावे. ओले लाकूड वाळताना आकसते. त्याची टोके आधी वाळतात, म्हणून तिथूनच ते चिरते. टोकांना मेण लावून लाकूड सावलीत ठेवले तर चिरा कमी पडतात. दोन इंच जाडीचा चौकोनी तुकडा घ्या. त्याच्या टोकावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा मारा. रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तो मध्य. दुसऱ्या टोकालाही तसेच करा. मध्य चुकला तर लाकूड थरथरते. मग चारी कडा तासून घ्या आणि तुकडा यंत्राच्या दोन टोकांमध्ये घट्ट बसवा.

चालू करण्याआधी लाकूड हाताने एक फेरा फिरवून बघा. कुठे अडत नाही ना? मग वेग कमी ठेवून चालू करा. पटाशी आधी टेकणीवर ठेवायची, मग हळूच लाकडाला लावायची. टेकणीवाचून लावली, तर लाकूड ती हातातून हिसकावून घेते.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. सैल बाही, लोंबता पदर, धोतराचा सोगा, गळ्यातली माळ, हातातली अंगठी, यांतले काही नको. हातमोजाही नको. एक धागा गुंतला, तरी यंत्र हात ओढून नेते. डोळ्यांवर चष्मा हवा, नाकावर फडके हवे. लाकडाची बारीक धूळ छातीत जाते. माप घ्यायचे तर यंत्र थांबवूनच. वस्तू बिघडली तर दुसरी करता येते. डोळा गेला तर दुसरा कुठून आणायचा?

शेवटी काचकागदाने घासताना टेकणी बाजूला काढा, म्हणजे बोटे मध्ये चेंगरणार नाहीत. लाटण्याला रंग देऊ नका, ते पिठाला लागते. खाण्याच्या तेलाचा हात पुरे.

आणखी एक. हौस म्हणून कर्ज काढून यंत्र घेऊ नये. आधी जाणत्या कातारीजवळ बसून शिकावे, मग काय ते ठरवावे. आपल्या हाताने एक लाटणे केले, की त्यामागचे कष्ट कळतात. मग बाजारात दोन रुपयांसाठी कारागिराशी घासाघीस करायला जीभ रेटत नाही.

सांगा पाहू :
१. ओले लाकूड टोकाकडून का चिरते?
२. हातमोजा का घालू नये?
३. तुमच्या घरातल्या तीन कातीव वस्तूंची नावे लिहा.