वारसा कराचा धाक आणि बहिणीचे हक्कसोडपत्र

प्रश्न : वडिलांनी 1992 साली स्वतःच्या कमाईतून कोथरूडला घेतलेली सदनिका आणि काही मुदत ठेवी मागे राहिल्या असून मृत्युपत्र केलेले नाही. मागे आई, मुलगा व विवाहित मुलगी आहेत. तिघांच्या नावे वाटणी झाली तर प्रत्येकाला वारसा कर भरावा लागेल, म्हणून मुलीने हक्कसोडपत्र करून द्यावे, असे घरात म्हटले जाते. हे खरे आहे काय? आणि पगारातून दरमहा कर कापला जात असताना आयत्या मिळालेल्या संपत्तीवर कर नसेल, तर तो का नाही?

उत्तर : वारसा कर, म्हणजे मृत व्यक्तीची संपत्ती वारसांकडे जाताना त्या हस्तांतरणावरच आकारला जाणारा कर, भारतात आज अस्तित्वात नाही, त्यामुळे तो वाचवण्यासाठी हक्कसोडपत्र करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने मिळालेली मालमत्ता प्राप्तिकराच्या दृष्टीने उत्पन्न धरली जात नाही. कर लागतो तो पुढे, त्या मालमत्तेतून येणाऱ्या भाड्यावर व व्याजावर, आणि सदनिका विकल्यास भांडवली नफ्यावर. हा नफा मोजताना वडिलांची खरेदी किंमत हीच वारसांची किंमत मानतात. मात्र खरेदी 1 एप्रिल 2001 पूर्वीची असल्याने त्या दिवशीचे रास्त बाजारमूल्य धरण्याची मुभा आहे. तीन वारस असतील तर हा नफाही तिघांत विभागला जातो, म्हणजे कराचाच विचार केला तरी वाटणीने नुकसान होतेच असे नाही.

कुटुंब हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कक्षेत येत असल्यास मृत्युपत्राविना मागे राहिलेली स्वकष्टार्जित मालमत्ता पहिल्या वर्गाच्या वारसांत समान वाटली जाते. येथे आई, मुलगा व मुलगी यांना प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा मिळेल. वडिलांची आई हयात असल्यास तीही चौथी समान वारस ठरते, ही गोष्ट अनेक घरांत सोयीस्करपणे विसरली जाते. मुलीचे लग्न झाल्याने हिश्श्यात फरक पडत नाही. हा हिस्सा या कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने आलेला नाही, कारण ती मुख्यतः एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतील जन्मसिद्ध हक्काविषयी आहे, तर वडिलांच्या स्वकमाईतील मुलीचा हिस्सा 1956 पासूनचाच आहे. मुदत ठेवींवर मुलाचे नामनिर्देशन असले, तरी नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी असते, तेवढ्याने ती मालक होत नाही.

वारसा कर पूर्वी होता, आणि घरातील धास्तीचे मूळ बहुधा त्या जुन्या आठवणीत असावे. 1953 च्या कायद्याने आलेल्या या मृत्युकराचा सर्वांत वरचा दर 85 टक्क्यांपर्यंत पोहोचला होता. तरीही विश्वस्त निधी, एकत्र कुटुंबे आणि हयातीतच केलेल्या वाटण्या यांतून मोठी संपत्ती निसटत राहिली, वसुली तुटपुंजी झाली, आणि त्याच संपत्तीचे संपत्ती करासाठी वेगळे मूल्यांकन होत असल्याने तंटे मात्र वाढले. विश्वनाथ प्रताप सिंग अर्थमंत्री असताना 1985 साली तो रद्द झाला. संपत्ती करही 2015 च्या अर्थसंकल्पाने संपवला.

वसुली फसली हे रद्द करण्याचे कारण समजण्याजोगे असले, तरी त्यानंतर त्या जागी काहीच आले नाही, ही उणीव गंभीर आहे. नितीन भारती, लुका शांसेल, तोमा पिकेटी व अनमोल सोमंची यांच्या 2024 च्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये देशातील वरच्या 1 टक्का लोकांकडे उत्पन्नाचा 22.6 टक्के, तर संपत्तीचा 40.1 टक्के वाटा होता. विषमता उत्पन्नापेक्षा संपत्तीत इतकी अधिक असताना थेट कराचा भर उत्पन्नावरच राहतो. महाराष्ट्रात कूळकायद्याने आणि 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने शेतीच्या वारशाला, कितीही पळवाटा राहिल्या तरी, कात्री लावली; शहरी जमिनीवरील 1976 ची कमाल मर्यादा मात्र 2007 साली राज्याने उठवली. परिणामी एकाच कार्यालयात एकाच पगारावर काम करणाऱ्या दोघांपैकी ज्याला आईवडिलांचे घर मिळते त्याची बचत होते आणि दुसऱ्याची हप्त्यात किंवा भाड्यात जाते, आणि त्यांचे सामाजिक वर्ग वेगळे होण्यास एवढे पुरेसे असते.

हीच दरी भावाबहिणींतही पडते. माहेर तुटू नये म्हणून सही करणाऱ्या आणि साडीचोळीवर बोळवण होणाऱ्या बहिणीचा हिस्सा आज लाखांत मोजला जातो. जवळच्या नात्यातील हक्कसोडपत्राला अनेक प्रसंगी नाममात्र मुद्रांक शुल्क पुरते, म्हणून ते किरकोळ कागद वाटते. पण नोंदणी झाल्यावर ते एकतर्फी मागे घेता येत नाही, आणि फसवणूक किंवा दबाव सिद्ध करून रद्द करून घ्यायचे तर ती वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. मुलीला हिस्सा स्वेच्छेने सोडायचा असेल तर कायद्याची आडकाठी नाही. मात्र मसुदा तिने आपल्या स्वतंत्र वकिलाला दाखवावा, आणि कर वाचवण्याचे कारण पुढे केले जात असेल तर सही करू नये.