पर्यटक निवासाचे हंगामी दर : करमाळ्यासाठी एक हिशेब

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि करमाळा तालुक्याच्या भीमाकाठी विस्तीर्ण जलाशय पसरला. अनेक गावांच्या जमिनी त्यात गेल्या. आज याच पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. करमाळा येथे रावरंभा निंबाळकर यांनी अठराव्या शतकात उभारलेले कमलादेवीचे मंदिर असून नवरात्रात तेथे भाविकांची मोठी गर्दी होते. पाहुणा येतो, परंतु तो बारा महिने येत नाही. राज्य शासनाच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणामुळे शेतकऱ्यास निवासव्यवस्थेचा जोडधंदा करण्याची वाट मोकळी झाली आहे. ही वाट धरणाऱ्याने हंगामी दरांचे गणित प्रथम समजून घेतले पाहिजे.

दर का बदलतो?

ज्वारी पेवात साठविता येते. खोलीची रात्र साठविता येत नाही. आज रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा देता येत नाही. म्हणून मागणी वाढली की दर चढतो व ती घटली की उतरतो. महाबळेश्वर येथे उन्हाळ्याच्या व दिवाळीच्या सुट्टीत दर चढे असतात आणि मुसळधार पावसात ते उतरतात. लोणावळ्यास मात्र पावसाळ्यातील शनिवार-रविवारीच गर्दी उसळते. एकच पाऊस एके ठिकाणी दर उतरवितो, तर दुसरीकडे चढवितो. हंगाम कोणता, हे त्या त्या स्थळाच्या आकर्षणावरून ठरते.

सवलतीचा हिशेब

उदाहरणादाखल एक खोली घेऊ. कर्जाचा हप्ता, देखभाल व पगार यांचा खर्च खोली रिकामी असली तरी रोज ४०० रुपये येतो, असे मानू. वर्षाचे १,४६,००० रुपये झाले. पाहुणा उतरल्यास धुलाई, वीज, पाणी व साफसफाई यांसाठी आणखी ३०० रुपये लागतात. हंगामात १,५०० रुपये दराने १०० रात्री खोली गेली, तर रात्रीमागे १,२०० याप्रमाणे १,२०,००० रुपये उरतात. वर्षाच्या खर्चास २६,००० रुपये कमी पडतात.

आता बिगरहंगामात ६५० रुपये दर ठेवून आणखी ८० रात्री खोली दिली, असे समजू. एका रात्रीचा एकूण खर्च ७०० रुपये असल्याने हा व्यवहार तोट्याचा भासतो. परंतु ४०० रुपये तर खोली रिकामी असतानाही जाणारच होते. रात्रीमागे ३५० याप्रमाणे २८,००० रुपये हाती येतात. तूट भरून २,००० रुपये शिल्लक राहतात. सवलत ही अशा रीतीने व्यवसाय तारून नेते. मात्र दर ३०० रुपयांच्या खाली गेला, तर प्रत्येक पाहुण्यागणिक तोटा वाढत जाईल. ही मर्यादा आधीच ठरवून ठेवावी.

सवलत कोणाला द्यावी, हेही महत्त्वाचे आहे. आगाऊ आरक्षण करणारे, सोमवार ते गुरुवार येणारे, अधिक दिवस राहणारे आणि शाळांच्या सहली यांना ती द्यावी. नवरात्रात किंवा ऐन पक्षी-हंगामातील सुट्ट्यांत ती देण्याचे कारण नाही. त्याचबरोबर गर्दी पाहून ऐनवेळी दर वाढविणे टाळावे. वर्षाचे दरपत्रक दर्शनी भागी लावल्यास विश्वास टिकतो.

पाहुण्याची दक्षता

सहल ठरविणाऱ्या शिक्षकांनी केवळ सवलतीच्या टक्केवारीवर जाऊ नये. मूळ दर फुगवून दिलेली ‘पन्नास टक्के सूट’ ही सूट नव्हेच. कर व भोजन धरून प्रत्यक्ष किती रक्कम द्यावयाची, बेत रद्द झाल्यास पैसे परत मिळतील काय, आणि त्या दिवसांत पाहावयाचे ते स्थळ खुले असेल काय, हे लेखी विचारून घ्यावे.

ग्रामपंचायतीस यात करण्यासारखे पुष्कळ आहे. रस्ता, स्वच्छतागृह व पाणी यांची सोय झाली आणि पक्ष्यांची शांतता राखली गेली, तर हंगाम चार दिवसांनी लांबतो. आणि हंगामाबाहेर भरलेली प्रत्येक खोली, ज्या गावांनी धरणासाठी जमिनी दिल्या, त्यांच्याच पदरात चार पैसे टाकते.