कृषी सल्ला : व्यापाऱ्यानं सौदा मोडला तर काय करायचं?



या आठवड्यात फवारणीपेक्षा एकच प्रश्न जास्त येऊन राहिला. "भाऊ, इसार दिला, भाव पडला, आता फोनच उचलत नाही." मोर्शीकडून संत्र्याचा, मूर्तिजापूर-अकोटकडून सोयाबीनचा. म्हणून आज कीड-रोग बाजूला. मी वकील नाही, डिप्लोमावाला माणूस आहे. पण ही माहिती प्रत्येकाला असायला पाहिजे. दोन मिनिटं काढून शेवटपर्यंत वाचा.

आधी घरचंच सांगतो. मी शाळेत होतो तेव्हा बाबांनी आंबिया बहाराचा बगीचा १ लाख ६० हजारात दिला. सगळं तोंडी, इसार २० हजार. दिवाळीनंतर भाव उतरला आणि व्यापाऱ्याचं "उद्या गाडी पाठवतो" सुरू झालं. बाबा थांबले. दुसऱ्याला माल दिला तर आपण जबान मोडली असं होईल, असं त्यांना वाटे. महिनाभरात निम्मी फळं झाडाखाली. हाती राहिले ते इसाराचे २० हजार आणि उरलेल्या मालाचे थोडेफार.

बाबांचं चुकलं ते थांबण्यात.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याचं कलम ७३ म्हणते की सौदा मोडणाऱ्यानं समोरच्याचं नुकसान भरून द्यावं. नुकसान मोजायचं कसं? ठरलेला भाव आणि सौदा मोडला तेव्हाचा बाजारभाव यातला फरक. कायद्यातच ५० मण सोऱ्याच्या सौद्याचं उदाहरण दिलं आहे. (सोरा म्हणजे आपण १३:००:४५ म्हणून फवारतो तेच पोटॅशियम नायट्रेट!) पण त्याच कलमात पुढं हेही आहे की नुकसान कमी करायला तुमच्या हातात काय होतं ते पाहिलं जाईल. माल झाडावर सडू दिला आणि मग पूर्ण रक्कम मागितली, तर कोर्ट विचारेल, दुसरीकडे का नाही विकला?

समजा ३० क्विंटल सोयाबीन ४,८०० नं ठरलं. व्यापारी पलटला, बाजारात ४,३०० मिळाले. फरक ५०० गुणिले ३०, म्हणजे १५,०००. त्यावर जास्तीचं गाडीभाडं आणि हमाली मागता येते. इसार घेतला असेल तर तो यातून वजा धरा. "पैसे आले नाहीत म्हणून पोरीचं लग्न पुढं ढकललं" हे नुकसान खरं असलं तरी कायदा सहसा धरत नाही, ते दूरचं समजलं जाते.

दुसरीकडे विकताना एक फरक ध्यानात ठेवा. मालविक्री कायदा १९३० च्या कलम ५४ प्रमाणे संत्रा, भाजी असा नाशवंत माल पैसे न देणाऱ्या व्यापाऱ्याला नोटीस न देताही दुसऱ्याला विकता येतो. सोयाबीन, तूर, कापूस टिकणारा माल आहे. तिथं आधी कळवावं लागते की अमुक दिवसात पैसे देऊन माल उचला, नाहीतर दुसऱ्याला विकतो. न कळवता विकला तर फरकाचा दावा लंगडा पडतो. मी म्हणतो संत्र्यालाही कळवाच, व्हॉट्सॲपला पैसे लागत नाहीत.

तोंडी सौदा कायद्यात चालतो. अडचण फक्त पुराव्याची. म्हणून सौदा झाला त्याच संध्याकाळी व्यापाऱ्याला मेसेज टाका: "शेठ, ठरल्याप्रमाणे ३० क्विंटल, ४,८०० भाव, १५ तारखेपर्यंत उचल, इसार १०,००० मिळाला." त्याचा "ओके" आला की काम झालं. इसार शक्यतो खात्यात घ्या. काटा पावती जपा, फोन बदलताना चॅट उडवू नका.

आता माल गेला आणि पैसे अडकले तर? धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातल्या भटाणे गावच्या एका शेतकऱ्याचे असेच अडकले होते. मका सुमारे ३ लाख ३२ हजारांचा, हातात २५ हजार, बाकी १५ दिवसात म्हणून चार महिने गेले. त्यांनी २०२० च्या नव्या कृषी कायद्याखाली प्रांताधिकाऱ्याकडे तक्रार केली आणि पैसे निघाले. २९ नोव्हेंबर २०२० च्या 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख झाला. हे उदाहरण आजही ग्रुपवर फिरते, पण बरोबर एका वर्षानं, २९ नोव्हेंबर २०२१ ला, संसदेनं ते कायदे रद्द केले. तो रस्ता आता बंद आहे, त्या भरवशावर राहू नका.

आज उघडे रस्ते असे. मार्केट यार्डात लायसनवाल्याला माल दिला असेल तर पहिली लेखी तक्रार बाजार समितीकडे. बाहेर दिला असेल तर वकिलाची नोटीस आणि मग दिवाणी दावा, त्याला मुदत साधारण ३ वर्षं. चेक दिला आणि तो परत आला तर घाई करा. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसात लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस. तरी दिले नाही तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. चेकच्या केसमध्ये २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून व्यापारी याला घाबरतात. पण "देतो, थांबा" यात ३० दिवस गेले की हत्यार बोथट झालं समजा.

पोलीस बहुतेक वेळा "हे दिवाणी आहे" म्हणून परत पाठवतात. सुरुवातीपासूनच फसवायचा बेत दिसत असेल, खोटं नाव किंवा पाच-दहा गावात एकच प्रकार, तर सगळ्यांनी मिळून तक्रार द्या.

रक्कम लहान असेल तर मला लोकअदालत बरी वाटते. अमरावती आणि अकोला दोन्हीकडे जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. फी नाही, आणि तिथं झालेली तडजोड कोर्टाच्या हुकुमासारखीच. मात्र दोघंही राजी पाहिजे. ताईंना, तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या सभासदांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

हे सगळं उलटंही लागते, मंडळी. भाव चढला म्हणून आपण माल दुसऱ्याला दिला तर व्यापारीही फरक मागू शकतो. आपल्या कंपनीशी केलेल्या सौद्यालाही हेच, दोन्ही बाजूंनी.

कोणाचे पैसे अडकले असतील तर काटा पावती, चॅट आणि परत आलेला चेक घेऊन शनिवारी ११ वाजता ऑफिसला या. चेकवाल्यांनी शनिवारची वाट पाहू नका, मेमोची तारीख मला आजच पाठवा.