वांग्याखालचा विषाणू

चि. बाळ,


"मावशी, पोरं प्रॅक्टिकलला येतात, जर्नल भरतात आणि जातात," हे तुझं बोलणं मनातून जात नाही. एफवायच्या बॅचवर महिन्याभरातच वैतागलीस. पण यात पोरांचा दोष कितीसा? मीही ३२ वर्षं तेच करून घेतलं. कांद्याच्या मुळाची स्लाइड लावायची आणि पेशीविभाजनाच्या आकृत्या पुस्तकातून उतरवायच्या. एकदा एका मुलीने मायक्रोस्कोपखाली दिसलं तेवढंच काढलं: नुसत्या विश्रांतीतल्या पेशी आणि कडेला रंगाचा डाग. मी त्यावर काट मारून 'पुन्हा काढा' असा शेरा दिला. खरं तर तिने बरोबर पाहिलं होतं. मुळं योग्य वेळी कापली नव्हती, ती आमची चूक. तो लाल शेरा मला अजून टोचतो.

पिट्सबर्ग विद्यापीठातल्या ग्रॅहॅम हॅटफुल यांचं काम तू जरूर वाच. जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे फाज, शोधायचं काम त्यांनी थेट पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हाती दिलं. २००८ पासून ते अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांत चालू आहे. पोरं अंगणातली माती आणतात, पाण्यात कालवून गाळतात, निरुपद्रवी जिवाणूंबरोबर प्लेटवर ओततात. एक-दोन दिवसांत जिवाणूंच्या दुधट थरात टाचणीच्या डोक्याएवढा स्वच्छ ठिपका दिसतो. तिथे फाजने जिवाणू फोडलेले असतात. नवा फाज निघाला की त्याचं बारसं शोधणाऱ्यानेच करायचं. आता सांग, हे जर्नल कुणाचं बघून उतरवणार?

२०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला एका विद्यार्थिनीला कुजक्या वांग्याच्या खालच्या बाजूला असाच एक फाज सापडला. त्याचं नाव 'मडी'. तो हॅटफुल यांच्या संग्रहात पडून होता. पुढे लंडनच्या रुग्णालयात फुप्फुसं बदललेली एक पंधरा वर्षांची मुलगी कुठल्याच अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या संसर्गाने खंगत चालली होती. तिला दिलेल्या तीन फाजांत मडी होता. ती पूर्ण बरी झाली नाही, पण जखमा भरत आल्या, ती घरी गेली. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते.

असं काही करायचं म्हटलंस की एचओडी म्हणतील, सिलॅबस कसा संपणार? त्यांना सिएटलच्या स्कॉट फ्रीमन यांचा २०१४ चा निबंध दाखव. २२५ अभ्यास एकत्र तपासल्यावर नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होणारे सुमारे ३४ टक्के निघाले, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात २२. वाद मात्र घालू नकोस, नवीन आहेस.

फाजचा घाट लगेच घालू नकोस. एकच प्रॅक्टिकल बदल. कॉलेजमागच्या ओढ्याचं पाणी आणायला सांग, जे दिसेल ते काढू दे, नाव ठाऊक नसलं तरी चालेल. आणि शेरा लिहिण्याआधी त्यांच्या स्लाइडला तू स्वतः डोळा लाव. दिवाळीला येशील तेव्हा त्यातली दोन-चार जर्नलं घेऊन ये. मला बघायची आहेत.

तुझी,
मावशी