बिल सोलापूरचं, रीत गावोगावची

आमचे टॉवेलचे यंत्रमाग सोलापुरात, गिऱ्हाईक मात्र देशभर. रुपया सगळीकडे तोच, 2017 पासून जीएसटीही एकच. मग व्यवहाराची रीतही एकच असणार, असं धंद्यात नव्याने उतरलेल्या मुलांना वाटतं. तसं नसतं.

सुरतेत मध्ये दलाल असतो. पार्टी तोच आणतो, वसुलीही त्याच्याच तोंडून होते. आपण परस्पर पार्टीला फोन लावला की दोघंही नाराज. दलाली द्यायला जिवावर येतं खरं, पण कोणत्या दुकानदाराची पत किती, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. दिवाळीला बाजार बंद झाला की लाभपंचमीपर्यंत तरी पैशाचं नाव काढू नये. मागायचे ते आधीच.

कोलकात्यात सगळं दुर्गापूजेभोवती फिरतं. माझा एक मोठा लॉट वाटेत रखडून ऐन पूजेच्या तोंडावर बडाबाजारात पोचला. पार्टीने बिल्टी सोडवलीच नाही. हंगाम गेला, माल परत घ्या, एवढंच उत्तर. जायचं भाडं माझं, यायचं माझं, वर गोदामाचंही. ऑर्डर फोनवरची, उशीर झाला तर नुकसान कुणाचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तमिळनाडूत आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून, कापडदुकानांत सेल लागतात. तो माल त्यांना आधीच हवा असतो, आणि भाव पाडून.

कुठला प्रांत सचोटीचा आणि कुठला लबाड, ही चर्चा आमच्याकडे चहासोबत चवीने चालते. ती फुकट आहे. बुडवणारा सोलापुरातही भेटतो.

नव्या गावी पहिला माल थोडाच पाठवा. भाडं कुणाचं, वटाव किती, परतीचा खर्च कोण सोसणार, हे व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घ्या. उद्यम नोंदणी माल पाठवण्याआधीच करा. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. पुढे बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. खरेदीदार देशात कुठेही असो, दाद आपल्या भागातल्या सुलभीकरण परिषदेकडे मागता येते. त्यासाठी कोलकाता गाठावं लागत नाही.

सुरतेची पार्टी असेल तर मात्र परिषदेकडे जाण्याआधी दलालाशी बोला. बरीचशी थकबाकी त्याच्या एका फोनने सुटते.